विसणाचा हिशेब

बंबातलं ५ लिटर पाणी, ८० अंश सेल्सिअस. त्यात २० अंशांचं १० लिटर विसण घातलं. बादलीने आणि हवेने घेतलेली उष्णता सोडून दिली, तर मिश्रण ४० अंशांवर येतं. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. म्हणजे कढत पाण्याने ८३६ किलोज्यूल दिले, गाराने तेवढेच घेतले. जमाखर्च चोख.

मग पाणी आपोआप पुन्हा कढत आणि गार असं वेगळं का होत नाही? ऊर्जेच्या हिशेबाला ते चालेल! अडवते ती एन्ट्रॉपी. १८६५ साली रुडॉल्फ क्लॉसियस यांनी हे नाव दिलं. दिली-घेतलेली उष्णता भागिले त्या क्षणीचं केल्विनमधलं तापमान, म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल. तापमान सतत सरकत असल्याने एकच भागाकार पुरत नाही. बारीक बारीक तुकड्यांची बेरीज करावी लागते. ती सूत्रात अशी उतरते: वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले अंतिम आणि सुरुवातीच्या तापमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. इथे सेल्सिअसचे आकडे घातले की उत्तर हमखास चुकतं; २७३ मिळवायचेच.

कढत पाणी ३५३ वरून ३१३ केल्विनवर आलं: एन्ट्रॉपी २.५१ किलोज्यूल प्रति केल्विनने घटली. गार पाणी २९३ वरून ३१३ वर गेलं: २.७६ ने वाढली. उष्णता तीच, पण घेणारा थंड असल्याने भाजक लहान आणि वाढ मोठी. निव्वळ वाढ ०.२५. पाणी आपोआप वेगळं व्हायचं तर ही वाढ पुसली जायला हवी, आणि बाहेरून काही खर्ची घातल्याशिवाय ते होत नाही.