नव्या सुनेची सही

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि आपल्या घराघरांतून लग्नसराईची धांदल उडते. पुढल्या काही महिन्यांत अनेक घरांत नवी सून येईल. येताच तिला घराची रीत सांगितली जाईल. सूर्यास्तापूर्वी जेवणे कशी आटोपायची, पिण्याचे पाणी कोणत्या गाळण्याने गाळून उकळायचे, कोणत्या तिथीला हिरवी भाजी चिरायची नाही, सासूबाईंचे वर्षीतप चालू असेल तर बियासण्याच्या दिवशी काय काय करायचे. माहेरी कांदा-बटाटा चालत असेल आणि सासरी वर्ज्य असेल, तर पहिले काही दिवस तिची जीभ आणि हात दोन्ही गोंधळतात. पण हे सारे सहा महिन्यांत अंगवळणी पडते. शेजारी सासूबाई उभ्या असतात, चुकले तर सांगतात. शिवाय पाठशाळेत गेलेल्या मुलीला त्यामागचा भाव परका नसतो.

एका बाबतीत मात्र तिला कोणी काही सांगत नाही आणि तीही विचारत नाही. ती बाब पैशाची. बाजारपेठेतल्या शाखांमध्ये माझी बरीच वर्षे गेली. लग्नसराई उलटली की नवविवाहित जोडपी संयुक्त खाते उघडण्यास येत. फॉर्म पेढीच्या मुनीमजींनी आधीच भरलेला असे आणि सुनेने जेथे सही करायची तेथे पेन्सिलीने बारीक फुली केलेली असे. मेंदी पुरती न उतरलेल्या हातांनी ती फुली शोधत शोधत सह्या करी. कशावर सही केलीस, असे विचारले असते तर तिला सांगता आले नसते; आणि यांतल्या कितीतरी मुली वाणिज्य शाखेच्या पदवीधर असत. ताळेबंद त्यांना उत्तम वाचता येई. अडत असे ते निव्वळ संकोचापायी.

व्यापारी कुटुंबात एक तारखेला पगार येत नाही. पैसा गल्ल्यात असतो आणि लागेल तसा घरी येतो. किराणा पेढीच्या खात्यावर येतो, कापड ओळखीच्या दुकानातून, डॉक्टरांचे बिल सासरे परस्पर चुकते करतात. त्यामुळे ‘घरात काय कमी आहे?’ हा प्रश्न सर्वांना अगदी प्रामाणिकपणे पडतो. कमी काहीच नसते. पण मैत्रिणीच्या बाळाला अंगडे-टोपडे घ्यायचे, जीवदयेच्या पेटीत स्वतःच्या मनाने काही टाकायचे, तर मागावे कोणाकडे? पती दुकानात असतो, आणि सासूबाईंना कारण सांगावे लागते. कालपरवापर्यंत स्वतःच्या पगारातून माहेरी हातभार लावणारी मुलगीही येथे येऊन गप्प होते. हल्ली मोबाइलवरून पैसे देता येतात हे खरे; पण त्या खात्याचा संदेश पतीच्या मोबाइलवर जात असेल, तर तिने बाहेर घेतलेल्या एका कप चहाचीही खबर दुकानात पोहोचते.

उपाय साधा आहे. मालक पेढीतून घरासाठी रक्कम काढतो ती ‘उचल’ म्हणून त्याच्या नावे पडते. त्या उचलीतूनच दरमहा ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम सुनेच्या एकटीच्या खात्यात जमा व्हावी. रक्कम ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ठरवावी, तारीख मात्र चुकवू नये. व्यापाऱ्याची देणी आपण ज्या तत्परतेने मुदतीत भागवतो ती तत्परता येथेही दाखवावी, आणि त्या रकमेचा हिशेब मागू नये. सून नोकरी करीत असेल तर तिचे पगाराचे खाते तिचेच राहू द्यावे. घरखर्चात तिचा वाटा किती, हे तिच्याबरोबर बसून ठरवावे. एटीएम कार्ड मागून घेण्याची पद्धत काही घरांत आहे, ती आपल्या समाजाला शोभत नाही.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पहिल्या वर्षातली निम्मी धावपळ त्यापायी होते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. पॅन क्रमांक आयुष्यभर तोच राहतो, बदलले तर त्यावरील नाव बदलते. बदलायचेच असेल तर प्रथम विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हाती घ्यावे, मग आधार, मग पॅन आणि त्यानंतर बँक, विमा, डीमॅट. हा क्रम उलटला की एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे, अशी अवस्था होऊन केवायसी अडकते. ज्या घरांत मुलीचे पहिले नावही बदलतात तेथे काम राजपत्रापर्यंत वाढू शकते. आहेराचे धनादेश बहुधा माहेरच्या नावाने आलेले असतात, म्हणून जुने खाते बंद करण्याची घाई करू नये. आणि मोबाइल क्रमांक तपासावा. माहेरच्या खात्याला वडिलांचा क्रमांक जोडलेला, सासरच्या खात्याला पतीचा. मधल्या मध्ये मुलीला स्वतःच्या एकाही खात्याचा ओटीपी मिळत नाही, असे सर्रास दिसते. वारसाच्या नामनिर्देशनाचा पेच आता बराच सुटला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, तेव्हा आईचे नाव ठेवायचे की पतीचे घालायचे, हा वादच उरत नाही.

आता दागिन्यांकडे वळू. येथे कायद्याआधी आपल्या धर्माचेच स्मरण करावेसे वाटते. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात क्षेत्र, वास्तू, सोने, रूपे, धन, धान्य यांचे परिमाण करायचे असते. मर्यादा घालायची तर आपल्याजवळ काय आहे हे आधी माहीत असावे लागते. ज्या स्त्रीला आपले सोने किती तोळे आणि ते कोठे आहे हेच ठाऊक नाही, तिने परिमाण करावे कशाचे? आणि तिसरे व्रत अदत्तादानाचे. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. सुनेच्या सोन्याला तिला न विचारता हात लावला, तर कोणत्या व्रताला बाधा येते, हे प्रत्येक सासऱ्याने प्रतिक्रमणाच्या वेळी स्वतःशी ताडून पाहावे.

कायदाही हेच म्हणतो. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यामुळे हिंदू विवाह व वारसा कायदे आपल्याला लागू नाहीत, असे काहीजण सांगत असतात. ते बरोबर नाही. १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा उत्तराधिकार कायदा या दोहोंत जैनांचा स्पष्ट समावेश आहे. १९५६ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार स्त्रीच्या ताब्यातील संपत्तीची ती पूर्ण मालक असते. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही केवळ स्त्रीची संपत्ती असल्याचे सांगितले. पती किंवा सासरच्यांकडे ते दिलेले असले तर ती ठेव आहे, आणि मागितल्यावर परत न केल्यास तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो.

हंगाम तोंडावर आला, माल भरायचा आहे, कॅश क्रेडिटची मर्यादा संपली आहे, अशा वेळी घरातले सोने बँकेत जाते. त्यात वाईट काही नाही. अडचणीच्या वर्षी कितीतरी पेढ्या घरच्या बायकांच्या सोन्यावर तरल्या आहेत आणि त्या बायकांनी ते आपणहून काढून दिले आहे. पण तारण ठेवताना दागिने आपल्याच मालकीचे असल्याचे बँक कर्जदाराकडून लिहून घेते. सासरे किंवा पती त्या कागदावर सही करतात तेव्हा सुनेच्या पाटल्या कागदोपत्री त्यांच्या होऊन बसतात. म्हणून सोने तिचे असेल तर कर्ज तिच्या नावाने घ्यावे, ती रक्कम पेढीच्या वहीत तिच्या नावावर जमा करावी आणि सोडवण्याची तारीख तिला सांगावी. बाहेरच्या सावकाराकडून रक्कम घेतली असती तर एवढे लिहिलेच असते ना?

दागिन्यांची यादी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच करावी. वजन, छायाचित्र, बिल, आणि माहेरचे कोणते, मामाच्या मायऱ्यातले कोणते, सासरी चढवलेले कोणते, याची नोंद. यादीवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी म्हणेल, तर दरवर्षी दुकानातल्या मालाची मोजदाद आपण अविश्वासाने करतो का, हे विचारावे. या यादीचा घरालाही उपयोग आहे. आयकर विभागाच्या ११ मे १९९४ च्या सूचनेप्रमाणे झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने जप्त केले जात नाहीत. त्यावरच्या सोन्याचा खुलासा करावा लागतो, आणि तो कागदानेच होतो. लॉकर सासू-सासऱ्यांच्या नावाने असेल तर त्यात सुनेचे नाव जोडावे, नाहीतर तिच्यासाठी छोटे वेगळे लॉकर घ्यावे. चावी कोठे असते हे तिला माहीत असावे.

सर्वांत काळजीपूर्वक पाहण्याची गोष्ट म्हणजे पेढीच्या कागदांवरील सही. लग्न होताच काही घरांत सुनेच्या नावाने नवी फर्म निघते, जीएसटी क्रमांक घेतला जातो, कोऱ्या धनादेशांवर तिच्या सह्या घेऊन पुस्तक दुकानात राहते. धंदा पती किंवा दीर पाहतो. धनादेश न वटल्यास १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खाली खटला सही करणारीवर होतो आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची असू शकते. जीएसटीची नोटीसही तिच्याच नावाने येते. भागीदार केले तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या सर्व देण्यांना ती इतर भागीदारांबरोबर आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असते. जामीनदार म्हणून सही केली तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तिची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले की बँक थेट तिच्याकडे येऊ शकते, थकबाकीची नोंद तिच्या क्रेडिट अहवालात चढते, आणि पुढे तिला स्वतःसाठी कर्ज हवे असेल तेव्हा ती आडवी येते. जामीनपत्र बहुधा चालू स्वरूपाचे असते, म्हणजे पुढे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांनाही तीच सही पुरी पडत राहते, हे फारच थोड्यांना माहीत असते.

हे सारे कर वाचवण्यासाठी करतात, तोही हिशेब अनेकदा चुकीचा असतो. पतीने पत्नीला दिलेल्या किंवा सासू-सासऱ्यांनी सुनेला भेट दिलेल्या रकमेवरचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. लग्नात आलेला आहेर कितीही असला तरी त्यावर वधूला कर नाही, आणि वडिलांनी मुलीला दिलेल्या रकमेचे उत्पन्न तिचे स्वतःचे धरले जाते. सून सीए असेल, हिशेबात पारंगत असेल आणि खरोखर पेढीत बसत असेल, तर तिला जरूर भागीदार करावे, आणि सहीबरोबर खुर्चीही द्यावी. ज्या वह्या तिने पाहिल्याच नाहीत, त्यांच्या नुकसानीची धनी तिला करू नये.

सुनेने सही नाकारावी, असे माझे म्हणणे नाही. नव्या घरात ते सोपेही नसते. ‘पप्पाजी, रात्री वाचून सकाळी सही करून देते, आणि एक झेरॉक्स माझ्याकडे ठेवते,’ एवढे ती नम्रपणे म्हणू शकते. कर्ज किती, गहाण काय, मुदत केव्हापर्यंत, हे त्या रात्री पतीला विचारावे. पतीला उत्तर येत नसेल, तर त्यालाही ते सकाळी वडिलांना विचारावे लागेल, आणि मला वाटते अनेक घरांत मुलालाही प्रथमच पेढीची खरी स्थिती तेव्हा कळेल.

माहेरचाही एक कागद असतो. लग्नानंतर पहिल्या राखीला किंवा दिवाळीला मुलगी घरी आली की भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. तो सोडायचा की नाही हे तिने ठरवावे. पण मिठाईचा डबा आणि हा कागद एकाच दिवशी समोर येऊ नयेत.

पतीने पहिल्या वर्षात करण्यासारखे एक काम आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा जुना असला तरी त्याचे सहावे कलम १९२३ पासून जैनांसह सर्वांना लागू आहे. त्याखाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेल्या आयुर्विम्याच्या रकमेवर पेढीच्या धनकोंना सहसा हक्क सांगता येत नाही. पॉलिसी घेतानाच तशी नोंद करावी लागते, मागाहून ती होत नाही. धंद्यात चढउतार असलेल्या घराला याहून स्वस्त आधार मला माहीत नाही.

एक शेवटची सूचना सासूबाईंच्या वतीने. सुनेच्या दागिन्यांची यादी करायला बसाल तेव्हा सासूबाईंचीही त्याच बैठकीत करून टाकावी. त्यांची बिले बहुधा कोणाजवळच नसतात. काही दागिने मोडून पुन्हा घडवलेले असतात, काही नणंदेच्या लग्नात दिले गेलेले असतात, आणि कोणती बांगडी कोणाच्या हातची हे सांगणाऱ्या त्या एकट्याच उरलेल्या असतात. वजन सराफाकडून करून घ्यावे, त्या सांगतील तसे सुनेने लिहून घ्यावे, आणि खाली सासूबाईंनी स्वतः वाचून सही करावी.