'मूकनायक' ते मोबाईल : चळवळ आणि तिचे माध्यम

परिवर्तनाच्या प्रत्येक चळवळीला आपला आवाज लोकांपर्यंत नेणारे माध्यम लागते. प्रस्थापितांची माध्यमे आमच्या समाजासाठी बहुधा बंदच राहिली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. ज्याला अक्षरओळख होती त्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, अशा रीतीने हे पत्र निरक्षरांपर्यंतही पोहोचू शकले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला पुन्हा परिषद भरली. पत्राने विचार पोहोचविला; माणसे मात्र परिषदा व कार्यकर्त्यांनी जोडली.

आज हेच काम मोबाईल अधिक वेगाने करतो. आपल्या विदर्भातील भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीचे हत्याकांड घडले. मोठ्या वृत्तपत्रांनी आरंभी त्याची पुरेशी दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, छायाचित्रे, ई-मेल व लघुसंदेश यांतून सत्य बाहेर आले आणि नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले.

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील अटकेवर बंधने आली. त्याविरुद्ध २ एप्रिलचा भारत बंद कोणत्याही एका मोठ्या पक्षाने पुकारलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅप व फेसबुकवरून त्याची हाक देशभर गेली. त्या दिवशी काही आंदोलकांचे प्राणही गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. हाक समाजमाध्यमांनी दिली, परंतु हक्क टिकला तो रस्त्यावरील जनतेमुळे आणि कायद्याच्या लढाईमुळे.

संघटन नसेल तर काय होते, हे इजिप्तमध्ये दिसले. जानेवारी २०११ मध्ये तेथील तरुणांनी फेसबुकवरून हाक दिली. सरकारने इंटरनेट तोडले तरी जनता मागे हटली नाही आणि ११ फेब्रुवारीस मुबारक पायउतार झाले. परंतु त्या तरुणांकडे भक्कम संघटना नव्हती. जुलै २०१३ मध्ये सत्ता पुन्हा लष्कराच्या हाती गेली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'मूकनायक' आपले होते. समाजमाध्यमांचे मालक दुसरेच आहेत. लोक ज्यावर अधिक वेळ थांबतात, तोच मजकूर ही माध्यमे पुढे ढकलतात. संताप लोकांना खिळवून ठेवतो. त्यामुळे संयत विचार मागे पडतो आणि अफवा पुढे धावते. एका खोट्या चित्रफितीने गावात दंगल पेटली, तर तिची झळ प्रथम गरिबाच्या झोपडीला लागते.

पांढरकवडा परिसरातील कापूस वेचणाऱ्या मजुराच्या घरीही आज मोबाईल पोहोचला आहे. म्हणून आम्हा शिक्षकांची जबाबदारी वाढली आहे. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी 'हे कोणी सांगितले, केव्हा घडले, पुरावा काय?' हे तीन प्रश्न विचारण्याची सवय वसतिगृहातच लागली पाहिजे. अन्याय दिसला तर संदेशाबरोबर अर्ज लिहिता यावा, कायद्याचे कलम वाचता यावे आणि वस्तीची बैठक घेता यावी. असे विद्यार्थी या विद्यालयातून घडोत, हीच आमची मंगलकामना.