राज्याचा हात कोठवर पोंचतो?

कापसाच्या खरेदीचा विषय निघाला कीं देवळीकडील शेतकरी बंधु पुष्कळदां म्हणतात, सरकारनें एक हुकूम काढला म्हणजे झालें. परंतु हुकूम काढणें व तो तडीस नेणें या दोन निराळ्या शक्ति आहेत, आणि राज्याचें सामर्थ्य म्हणतात तें दुसरीस.

जुन्या मध्यप्रांतांत सरकारचा हात बहुधा मालगुजारापर्यंतच पोंचे. शेतसारा त्यानें भरावा, कुळांकडून वसुली त्यानेंच करावी. 1951 सालीं मालगुजारी गेली आणि सरकार शेतकऱ्याच्या समोरासमोर आलें.

पुढें महाराष्ट्र सरकारनें 1971 चा कायदा करून 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली. खाजगी खरेदीस बंदी झाली. हुकूम कडकच होता. पण कापूस घ्यावयाचा तर प्रत ओळखणारा माणूस पाहिजे, काटा पाहिजे, जिनिंग पाहिजे, आणि चुकारा वेळेवर देण्यास पैसा पाहिजे. कायद्याच्या कागदांतून या वस्तु निपजत नाहींत. केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत व प्रतवारीवरून तंटे होत.

खरी परीक्षा सीमेवर झाली. बाहेर भाव चढला कीं इकडचा कापूस चोरवाटेनें मध्यप्रदेशांत किंवा आंध्रांत जाई. बाहेर भाव पडला कीं तिकडचा कापूस इकडे हमी भावानें विकावयास येई. तेजींत माल हातचा जाई, मंदींत तोटा तिजोरीच्या गळ्यांत पडे! अशी सीमा राखणें सरकारच्या आवाक्याबाहेरचें होतें. तोटा साचत गेला, व 2002-03 पासून खाजगी व्यापाऱ्यांस पुन्हां मुभा मिळाली. तथापि योजना निव्वळ फसली असें आम्ही म्हणणार नाहीं; मंदीच्या वर्षीं तिचा आधार अनेक घरांस झाला आहे.

आतां तोच हात दुसऱ्या रीतीनें लांबला आहे. पूर्वीं पटवारी बांधावर येऊन पीक पाही. 2021 पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानेंच मोबाइलवर छायाचित्र काढून नोंद करावयाची आहे. सरकारची दृष्टि वाढली हें खरें. पण तिच्यासाठीं श्रम आमचे खर्ची पडूं लागले हेंहि खरें. जेथें मोबाइल लागत नाहीं तेथें उभें पीकहि सरकारला दिसत नाहीं, आणि नोंदीवांचून हमी भावाच्या खरेदींत अडचण येते. यास्तव वेचा सुरू होण्याची वाट न पाहतां सात-बारावर कपाशीची नोंद पाहून घ्यावी. नसल्यास ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला जुना तलाठी, यांस मुदतींतच भेटावें.