अर्धवट अर्जाची राखण

बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर हे होबळीचे ठिकाण. कर्नाटक शासनाने २००० साली 'भूमी' योजनेखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या, तर महाराष्ट्राचा सातबाराही आता संकेतस्थळावर पाहता येतो. सीमेपलीकडे लातूर जिल्ह्यात शेत असणाऱ्यास दोन्हीकडे पाहावे लागते. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक अशी एकेक निवड करीत अर्ज निम्म्यावर यावा, तोच पान नव्याने उघडावे लागावे आणि सर्व रकाने कोरे व्हावेत, हा अनुभव कोणत्याही संकेतस्थळावर येऊ शकतो. मजुरीचा दिवस मोडून आलेल्यास ही गैरसोय किरकोळ नव्हे.

या विस्मरणाचे कारण यंत्रणेच्या घडणीतच आहे. संगणकाच्या पडद्यावरील पान व दूरचा सर्व्हर यांच्यातील 'एचटीटीपी' ही संदेशपद्धती प्रत्येक मागणी स्वतंत्र समजते. मागील मागणीची आठवण ती ठेवीत नाही. यावर नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी १९९४ साली 'कुकी' ही चिठ्ठी योजिली. परंतु तिच्यात सुमारे चार किलोबाइट एवढाच मजकूर मावतो, शिवाय ती प्रत्येक मागणीबरोबर सर्व्हरकडे जाते. मंद जोडणीवर हा भार नको वाटतो.

म्हणून ब्राउझरमध्येच स्थानिक साठ्याची सोय करण्यात आली. तिचे दोन प्रकार आहेत. 'सेशनस्टोरेज'मधील नोंद पान ताजे केले तरी टिकते, मात्र टॅब बंद करताच सर्वसाधारणपणे नाहीशी होते. 'लोकलस्टोरेज'मधील नोंद संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी राहते. साधारणतः पाच मेगाबाइट मजकूर त्यात मावतो. निवडलेली भाषा, उघडलेला विभाग, भरलेले रकाने यांची नोंद प्रत्येक बदलासरशी तेथे करावी आणि पान उघडताच ती वाचून पडदा पूर्ववत मांडावा, एवढीच ही युक्ती. साठ्यात केवळ अक्षरमजकूर राहत असल्याने माहिती 'जेसन' या मांडणीत गुंफावी लागते. अर्जाचा नमुना बदलल्यास जुनी नोंद चुकीच्या रकान्यात बसू नये म्हणून नमुन्याचा क्रमांकही सोबत लिहिणे इष्ट. जोडलेली कागदपत्रे मात्र अर्जदाराला पुन्हा निवडावी लागतात. सुरक्षिततेसाठी ब्राउझर ती रकान्यात आपोआप भरू देत नाही.

हा साठा त्या ब्राउझरपुरता व त्या संकेतस्थळापुरताच असतो. दुसऱ्या केंद्रावर गेल्यास अर्धा अर्ज तेथे सापडणार नाही. याहून गंभीर बाब अशी की, सेवा केंद्रातील संगणक अनेकांच्या हाती असतो आणि साठ्यातील मजकूर गुप्तलिपीत नसतो. आधार क्रमांक, बँक खाते, परवलीचा शब्द यांना तेथे थारा देऊ नये. सामायिक यंत्रावर टॅबपुरता साठाच पत्करावा. अर्ज दाखल होताच मसुदा पुसण्याची व्यवस्था संकेतस्थळाने स्वतः करावी. ती नसल्यास केंद्रचालकाने ब्राउझरमधील त्या संकेतस्थळाची माहिती काढून टाकल्यावरच पुढील अर्जदारास बोलवावे.