प्रकार चुकला, की पल्सारची वेळ चुकते

माळशेज घाटाच्या वाटेवरच्या ‘मढ’ या गावाच्या नावात दोनच अक्षरे आहेत. संगणकात ती यूटीएफ-८ पद्धतीने सहा बाइट घेतात, यूटीएफ-१६ने चार. सी-शार्पमधल्या प्रोग्रामने विंडोजवर हे नाव सी भाषेतल्या जुन्या लायब्ररीकडे पाठवले आणि मजकूर कोणत्या पद्धतीने न्यायचा ते सांगितले नाही, तर पलीकडे सहसा ‘??’ पोचते. काही न सांगितल्यास सी-शार्प ‘अँसी’ पद्धत धरते, आणि विंडोजच्या त्या जुन्या कोष्टकांत देवनागरीला जागाच नव्हती.

सी-शार्प, जावा, पायथन यांत मेमरीची देखभाल रनटाइम करतो. कोणती वस्तू कोणत्या प्रकारची, ती अजून लागते की नाही, यावर त्याचे लक्ष असते. हा ‘मॅनेज्ड’ कोड. सी किंवा सी++चा ‘नेटिव्ह’ कोड थेट प्रोसेसरवर चालतो आणि समोर आलेले बाइट सांगितलेल्या प्रकाराचे मानतो. दोघांच्या सीमेवर फंक्शनची सिग्नेचर हाच करार: कोणत्या प्रकारच्या किमती, कोणत्या क्रमाने जाणार आणि उत्तर कोणत्या प्रकारचे येणार. पायथनच्या ‘सीटाइप्स’ या लायब्ररीतून सीचे वर्गमूळ काढणारे फंक्शन बोलावताना उत्तर ‘डबल’, म्हणजे दशांश संख्या, आहे हे सांगायचे राहिले, तर पायथन ते पूर्णांक समजतो. भलताच आकडा हाती येतो आणि प्रोग्राम काही न घडल्यासारखा पुढे चालतो. खरा धोका या मौनात आहे.

मढच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, या काटेकोरपणाची कसोटी लागते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तिथे आकाशातले रेडिओ संकेत टिपतात. इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे हा गट त्यांच्या साहाय्याने पल्सारांचे, म्हणजे गिरक्या घेत ठरावीक अंतराने रेडिओ संकेत धाडणाऱ्या ताऱ्यांचे, स्पंद नेमके कधी पोचतात ते वर्षानुवर्षे नोंदतो. यांतला एक पल्सार, जे१९०९-३७४४, सेकंदाला सुमारे ३३९ गिरक्या घेतो. शोध असतो तो गुरुत्वीय लहरींचा; त्यांच्यामुळे स्पंदांच्या वेळेत पडणारा फरक जेमतेम शंभर नॅनोसेकंदांच्या घरातला असतो.

खगोलशास्त्रात वेळ बहुधा १७ नोव्हेंबर १८५८पासून मोजलेल्या दिवसांत लिहितात; फेब्रुवारी २०२३मध्ये हा आकडा ६०,००० झाला. एवढी मोठी संख्या ६४ बिटांच्या ‘डबल’मध्ये ठेवली, की शेजारच्या दोन किमतींमधले अंतर सुमारे ६३० नॅनोसेकंद होते. शोधायची गोष्ट त्याहून बारीक! म्हणून २००६मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टेम्पो२’ हे सी++ सॉफ्टवेअर ‘लाँग डबल’ वापरते. इंटेल पद्धतीच्या लिनक्स संगणकावर हे अंतर नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे उरते. ‘लिबस्टेम्पो’ ही लायब्ररी टेम्पो२चे आकडे पायथनपर्यंत आणताना ‘नमपाय’ या पायथन लायब्ररीचा ‘लाँगडबल’ प्रकार जपते; पायथनचा साधा ‘फ्लोट’, म्हणजे डबलच, वापरला असता, तर सीमेवरच शेवटचे अंक गळाले असते.

एवढ्यावरही भागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरमध्ये आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर ‘लाँग डबल’ म्हणजे साधा ‘डबल’च. सिग्नेचर तीच, शब्द तेच, आतले बिट मात्र वेगळे. ‘अ‍ॅस्ट्रोपाय’ या पायथन लायब्ररीने दुसरा मार्ग धरला: वेळ दोन डबलमध्ये विभागायची, एकात पूर्ण दिवस, दुसऱ्यात उरलेला अंश. साधा डबल तर या सगळ्या यंत्रांवर ६४ बिटांचाच असतो.