मावळातल्या दऱ्या, संगणकातला दर्या

माझ्या एका कादंबरीतली माणसं वीस-बावीस वर्षं एका सीडीत अडकून पडली होती. १९९९ साली मी मावळातल्या एका बँकशाखेत अधिकारी होतो. दिवसा पीककर्जांची प्रकरणं आणि रात्री कादंबरी असा क्रम चाले. लोणावळ्याच्या बाजारातल्या एका डीटीपीवाल्याने ती टाईप केली, छापली गेली, संपली. प्रकाशकांनीही पुढे दुकान बंद केलं. दोन वर्षांपूर्वी नव्या आवृत्तीची गोष्ट निघाली तेव्हा मी ती सीडी उघडून पाहिली. पडद्यावर कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं यांचा नुसता चिवडा!

त्याचं कारण नंतर कळलं. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची मांडणी वेगळी असे. संगणकाच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच. फॉन्टने त्यांना मराठी अंगरखा चढवलेला. अंगरखा हरवला की आत कोण आहे ते कळायचं नाही. आता युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. पण जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं मराठी किती घरांत, किती छापखान्यांत पडून असेल, याचा विचार करवत नाही.

माझ्या मदतीला आली ती कामशेतजवळच्या एका शेतकऱ्याची नात. तिच्या आजोबांचं पंपासाठीचं कर्ज मी मंजूर केलं होतं. ती इंजिनिअर झाली म्हणून पेढे द्यायला आली आणि सीडी घेऊन गेली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक प्रोग्रॅम तिला फुकट मिळाला होता. फुकटपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तो ‘मुक्त स्रोत’ होता. त्याची मूळ आज्ञावली कुणीही वाचावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. बँकेत आमचा अनुभव अगदी उलटा. तिथली पेटी कुलूपबंद. बिघाड झाला की मुंबईहून माणूस येईपर्यंत गिऱ्हाईकं बाकावर ताटकळत बसत आणि आम्ही त्यांची नजर चुकवत असू.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. “काका, कादंबरी आली, पण तुमच्या दऱ्यांत पाणी भरलंय!”

जिथे जिथे मी ‘दऱ्या’ लिहिलं होतं तिथे ‘दर्या’ झालं होतं. नायक राजमाचीच्या वाटेवरून खाली बघतो तर दर्या पसरलेला! ‘आचाऱ्यांना’ जेवायला वाढलं होतं, ते ‘आचार्यांना’ झालं. हा आडवा अर्धा ‘ऱ’ मराठीची खासियत आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून ज्याने केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून नियम लिहिले त्याला ही चूक दिसणंच शक्य नव्हतं. तो हुशार असेल, कष्टाळूही असेल. पण त्याच्या कानात ‘वाऱ्यावरची’ नव्हती.

त्याच सुमारास पुण्यात अशा सॉफ्टवेअरवाल्यांचं दोन दिवसांचं संमेलन होतं. “चला काका,” म्हणाली. मी साहित्य संमेलनं पुष्कळ पाहिलेला माणूस. लोकलमध्ये बसलो तेव्हा मनात मांडव, हारतुरे आणि अध्यक्षपदाचे रुसवे होते. मळवलीला डावीकडे डोंगर दिसला आणि कार्ल्याची लेणी आठवली. तिथल्या चैत्यगृहात देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकटचे यवन आहेत, वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे. एवढं मोठं काम, आणि वाटा ज्याचा त्याने नाव घालून उचललेला. ती म्हणाली, “आमच्यातही एक फाईल असते, हातभार लावणाऱ्यांच्या नावांची.”

पहिला दिवस भाषणांचा. सगळी इंग्रजीत, आणि मला निम्मी कळली नाहीत. खरं म्हणजे तिलाही बोलायचा धीर होत नव्हता. प्रश्न विचारायला माईक समोर आला आणि तिने तो पुढे सरकवला. दुसरा दिवस मात्र कामाचा होता. आठ-दहा टेबलं, प्रत्येकाभोवती घोळका, मध्ये चहा. त्या प्रोग्रॅमची देखभाल करणारा एक दाक्षिणात्य गृहस्थ तिथे होता. मी कागदावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून दाखवलं, अर्थ सांगितला. तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग खुर्ची ओढून दिली तिला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्या उलटापालटीत आडव्या ‘ऱ’लाही रफार समजलं जात होतं. दुपारपर्यंत तिने नियम बदलला, त्याने तपासला, स्वीकारला.

घरी बसून हे झालं नसतं का? झालं असतं कदाचित. पण अनोळखी माणसाची चूक दाखवायला लागणारा धीर समोरासमोर चहा पिताना येतो.

हा सगळा प्रकार वाढला तो असाच, गावोगाव फिरून. बंगळुरात २००१ साली लिनक्सवाल्यांचं संमेलन सुरू झालं. पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावाने ते २०१२ पर्यंत भरत राहिलं. पायथन या संगणकभाषेचं पहिलं भारतीय संमेलन २००९ साली तिथेच झालं आणि २०११ साली ते पुण्याला आलं. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतलं ‘ग्नूनिफाय’ही होतंच. आशियातल्या पायथनवाल्यांचा मेळा २०१० साली सिंगापुरात सुरू झाला, तो पुढे टोकियो, तैपेई, सेऊल असा हिंडला. जगभरचे स्वयंसेवक चालवतात त्या डेबियन प्रणालीचं जागतिक संमेलन २०२३ साली कोचीत भरलं. वर्डप्रेसवाल्यांचं आशियाई संमेलन २०२० साली कोरोनामुळे रद्द झालं, २०२३ साली बँकॉकला भरलं, मग तैपेई, मनिला. आणि २०२६ साठी निवड झाली मुंबईची.

पालखीचा मुक्काम पडतो त्या गावाला पाण्यापासून पंगतीपर्यंतची व्यवस्था शिकावी लागते, आणि पालखी पुढे गेली तरी शिकलेली माणसं गावातच राहतात. इथेही तेच. पाहुणे विमानाने परत जातात, पण नोंदणीच्या टेबलावर उभी राहिलेली पोरं एकमेकांना ओळखू लागतात.

माझी एक तक्रार मात्र आहे. या मंडळींच्या खऱ्या गप्पा संध्याकाळी रंगतात, आणि मावळातल्या मुलीचं लक्ष तेव्हा घड्याळाकडे असतं. लोकल चुकली तर कामशेतला पोचायचं कसं? दोन्ही दिवस आम्ही गप्पा ऐन रंगात असताना उठलो. शिवाय शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च, वर इंग्रजी. संमेलन पुण्यापर्यंत आलं म्हणजे मावळापर्यंत आलं असं नव्हे.

परतीच्या गाडीत ती गप्प होती. तळेगाव आलं तेव्हा म्हणाली, “काका, इथेच जमलो तर? दुपारी. मराठीत.”

आता महिन्यातून एका रविवारी तळेगावात एका वर्गात ही मुलं जमतात. पहिल्या वेळी अकरा आली, दुसऱ्या वेळी सहा, आणि ती खट्टू झाली. परवा चौदा होती. त्यांतली दोन वडगावहून सायकलवर आली होती. माझ्याकडे दोन कामं आहेत. लोणावळ्याहून चिक्की न्यायची, आणि संगणकाला चकवतील असे मराठी शब्द शोधून वहीत लिहायचे. कादंबरीची मुद्रितं आली आहेत. दऱ्या कोरड्या आहेत. एका प्रकरणात अलिबागची मावशी खराखुरा दर्या बघते. तो तेवढा जागच्या जागी आहे ना, हे मी दोनदा पाहून घेतलं.