स्तनाचा कर्करोग आणि विम्याचा आधार

मध्य रेल्वेने मुंबईत येताना दादर, परळ, करी रोड आणि मग चिंचपोकळी अशी स्टेशने लागतात. एके काळी हा सगळा गिरणगाव. यातल्या परळला 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. आजही गावोगावची माणसे हातात पिशवी नि कागद घेऊन तिथे येतात. त्यांच्यापुढे दोन प्रश्न असतात. बाई बरी होईल ना? आणि पैसे कुठून आणायचे?

पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतील. गाठ वेळेवर दाखवली, तर ते उत्तर पुष्कळदा चांगले असते. आज आपण दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

या दुखण्याचा खर्च एका दिवसात संपत नाही. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, पुढे कित्येकींना काही वर्षे गोळ्या. शिवाय बाईची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते. म्हणजे घागरीला भोके दोन पडतात: एक औषधपाण्याचे, दुसरे बुडालेल्या रोजगाराचे. कोणताही विमा यातले कोणते भोक बुजवतो, हे आधी विचारावे.

दोन्हींचा विचार करणारी राज्य कामगार विमा योजना 1948 च्या कायद्याने आली आणि 1954 साली मुंबईत सुरू झाली. 2019 पासूनच्या दराने कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापतात, मालक सव्वातीन रुपये भरतो. त्यातून कामगाराचे नि कुटुंबाचे उपचार होतात. कर्करोग झालेल्या विमेदार बाईला, सेवेच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या झाल्यास, पगाराच्या शेकडा 80 इतका भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पगार 15,000 असेल, तर महिना सुमारे 12,000. चूल पेटती राहते! मात्र विमेदार नवरा आणि आजारी बायको असेल, तर तिला उपचार मिळतात, भत्ता मिळत नाही.

मेख अशी, की हा विमा नोकरीला बांधलेला आहे. 1982 च्या संपानंतर गिरणगावात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पगार थांबला की वर्गणी थांबते, आणि काही काळाने हक्कही संपतो. शेतमजूर बाईला तर तो लागूच नाही.

तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 साली ती दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. 2023 च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले. योजनेतल्या रुग्णालयात जाऊन शिधापत्रिका नि ओळखपत्र ‘आरोग्यमित्रा’ला दाखवावे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांत बसतात. बुडालेली मजुरी मात्र बसत नाही. तेवढी तजवीज वेगळी करावी लागते.

पॉलिसी विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. गंभीर आजाराच्या पॉलिसीत निदान झाल्यावर ठोक रक्कम मिळते, ती घरखर्चाला चालते. पण अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग पुष्कळदा त्यातून वगळलेला असतो. आणि अंगावरचे दुखणे लपवून फॉर्म भरू नये. ऐन वेळी तेच आडवे येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पालकसभेत घरोघरच्या शिधापत्रिका मागवा. त्यावर घरातल्या बाईचे नाव आहे का, ते आधारकार्डाशी जुळते का, एवढे पाहा. नाव दुरुस्त करायला आज सवड आहे. गाठ हाताला लागल्यावर ती सवड राहत नाही.